सव्वासात, साडेसात, पावणेआठ

जयवंत मगदूम "सव्वासात" म्हणाले की घरी आलेले पाहुणे हटकून मनगटाकडे बघत. भर दुपार असे, उन्हं अंगणात तापलेली असत, आणि हा गृहस्थ मध्येच सव्वासात म्हणतोय म्हटल्यावर माणूस घड्याळाकडेच बघणार. "मास्तरांचं घड्याळ जरा पुढं गेलंय वाटतं," असं एखादा म्हणे. त्यांची मुलगी शर्वरी हसल्यासारखं करी आणि चिवड्याची बशी पुढे सरकवी.

पुढचं सगळं तिला पाठ होतं. आप्पा खुर्चीचा हात घट्ट धरणार. मग पुटपुटणार, "साडेसात." त्यांचे डोळे भरून येणार, पाणी गालांवरून हनुवटीपर्यंत येणार, आणि बसलेल्या माणसांनी बघायचं कुठे हा प्रश्न पडणार. जरा वेळाने "पावणेआठ" म्हणत ते सदऱ्याच्या बाहीनेच डोळे पुसणार आणि काही झालंच नाही अशा सुरात विचारणार, "शर्वे, चहा टाकलास का गं?"

अशा वेळी शर्वरीला मेल्याहून मेल्यासारखं होई. वडील आजारी आहेत याची लाज वाटू नये हे तिला कळत होतं. आजाऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेतच ती नोकरीला होती. चारचौघांत ती याच विषयावर भाषणं देई. पण दिवाणखान्यात रडणारा बाप आणि समोर चिवडा चघळायचा थांबलेला पाहुणा, हे एकत्र आलं की तिची सगळी भाषणं कुठल्या कुठे जात.

आप्पा मिरजेचे नावाजलेले तबलामास्तर. काही वर्षांपूर्वी त्यांना मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण मेंदूतला एक भाग जळून गेल्यासारखा झाला. आपण दिवसभर जे पाहतो, ऐकतो, ते साठवायला आत पाठवणारा हा भाग. तो गेला की जुनं सगळं शाबूत राहतं आणि नवं काही टिकत नाही. आप्पांना गुरूंनी तबल्यावर शिकवलेला पहिला कायदा आठवे, मुलीच्या बारशाचे पेढे कुठल्या दुकानातले होते तेही आठवे. पण सकाळी कोण येऊन गेलं हे दुपारी विचारलं तर कोरा चेहरा.

एक मात्र होतं. हाताची सवय मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहते. पोहणं, सायकल, तबल्यावरची बोटं हे सगळं खाली, तळघरात. ज्वर तिथपर्यंत पोचला नव्हता. त्यामुळे आप्पांना रोज एखादा नवा तुकडा वाजवून दाखवला, तर महिन्याभराने तो त्यांच्या बोटांत बसे. आपण तो शिकलो हे मात्र त्यांना कधीच आठवत नसे. "हा कुठला गं? चांगला आहे की," असं स्वतःच वाजवून झाल्यावर ते विचारत.

या तळघराचाच उपयोग शर्वरी नोकरीला होती त्या पुण्याच्या संशोधन केंद्राने करून घेतला. माहिती तळघरात ठेवता येत नाही, पण आकडे ठेवता येतात. एखादा आकडा रोज ठरलेल्या लयीत, ठरलेल्या प्रसंगी म्हणत राहिलं, की तो सवयीत बसतो. मजकूर यंत्रात ठेवायचा आणि आकडा माणसात. कानामागे चिकटवायची एक चकती निघाली. माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हाही त्याच्या जबड्याचे स्नायू सूक्ष्म हलतात, ते ही चकती ओळखते. मनात "तीन" म्हटलं की तिसरं टिपण कानाच्या हाडातून ऐकू येतं, तेही माणसाच्या स्वतःच्या आवाजात. परक्या आवाजात सांगितलेलं मेंदू बातमी म्हणून ऐकतो आणि हुज्जत घालतो. स्वतःच्या आवाजातलं मात्र आपल्यालाच सुचलं असं वाटून तो ते मानतो. आप्पा त्या चकतीला "माझी भिकबाळी" म्हणत. मनातल्या मनात म्हणणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही, ओठ हलत आणि आवाजही येई.

टिपणांना आकडे कसे द्यायचे, हे सुरुवातीला ज्याच्या त्याच्यावर सोडलं होतं. बहुतेकांनी एक, दोन, तीन असं सरळ सुरू केलं. आप्पांनी तबलजीचा हिशेब लावला. सवाई, दीडपट, पावणेदोनपट यांत ज्याचा जन्म गेला तो पूर्ण आकड्यांवर थोडाच थांबणार? नवं टिपण ते शेवटी टाकत नसत. ते कुठल्या दोन टिपणांच्या मध्ये शोभेल ते बघत आणि तिथेच बसवत. सात आणि आठच्या मध्ये साडेसात. त्याच्याही अलीकडे काही हवं असेल तर सव्वासात. "दोन मात्रांच्या मध्ये जागा असतेच," ते म्हणत, "शोधणाऱ्याला मिळते."

शर्वरीला हे बघवत नसे. केंद्रात ती टिपणांची रचना ठरवणाऱ्या गटाची प्रमुख होती, आणि मुळात हा तिचा लहानपणापासूनचा नाद. कॉलेजात असताना तिने आपली सगळी टिपणं तारखेप्रमाणे लावली. मग ते मोडून विषयवार लावली. मग अक्षरं आणि आकडे मिसळून फांद्या काढल्या, आणि परीक्षा तोंडावर आली असताना तेही मोडलं. अभ्यासापेक्षा अभ्यासाची कपाटं बदलण्यात तिचा जीव जास्त रमे. आई म्हणायची, "ही पोरगी लग्नात मंगलाष्टकांनाही नंबर टाकील."

आता तिने केंद्रासाठी दशक-पद्धत तयार केली होती. दहाच्या घरात माणसं, विसाच्या घरात प्रकृती, तिसाच्या घरात घटना, चाळिसाच्या घरात सूचना. सगळ्या रुग्णांना एकच रचना, म्हणजे कुठल्याही गावच्या कुठल्याही डॉक्टरला हवा तो आकडा रुग्णाकडून म्हणवून घेता येईल. पद्धत खरोखरच चांगली होती. मागे आप्पांना एका औषधाने अंगभर गांध्या उठल्या, तेव्हा ते औषध चालत नसल्याचं टिपण त्यांच्याकडे होतं. पण दवाखान्यातल्या गडबडीत त्यांना सव्वाअकरा की पावणेबारा हे सुचेना, आणि दुसऱ्या कुणाला आकडा सुचवता येईना. हा दाखला शर्वरी प्रत्येक बैठकीत देई.

दुसरं कारण ती कुठेच सांगत नसे. केंद्राचे संचालक डॉ. पाठारे एकदा तिला म्हणाले होते, "तुमच्या घरीच जुनी पद्धत चालते, मग लोकांना काय सांगायचं?" आणि चिवडा खाणारे पाहुणे होतेच.

नियमाप्रमाणे रुग्णाची संमती लागे. शर्वरीने एका सकाळी आप्पांना विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मांडीवर बोटं वाजवली आणि म्हणाले, "नको बाळ. माझं लयीत बसलंय. एक मात्रा हलवली की सगळं हलतं."

झालं. उत्तर मिळालं होतं. दुसरा कुणी असता तर प्रश्न तिथेच मिटला असता.

पण दोन दिवसांनी शर्वरीने पुन्हा विचारलं. आप्पांना पहिल्यांदा विचारल्याचं आठवत नव्हतं. त्यांनी तसंच शांतपणे ऐकलं, तशीच बोटं वाजवली आणि अगदी त्याच शब्दांत नाही म्हणाले. पुढच्या वेळी तिने शब्द बदलले. त्याच्या पुढच्या वेळी वेळ बदलली. एका गुरुवारी अल्ताफ सतारमेकर हा त्यांचा जुना शिष्य समोर बसलेला असताना विचारलं, तेव्हाही आप्पा नाहीच म्हणाले. शेवटी एकदा जेवण झाल्यावर ते पेंगत असताना ती त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "आप्पा, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. माझ्यासाठी कराल?" आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं काम होत असेल तर कर की. मला काय कळतंय त्यातलं!"

हे उत्तर तिने ध्वनिमुद्रित करून केंद्राकडे पाठवलं. आधीची कुठे नोंदलेलीच नव्हती. त्या दिवशी तिला स्वतःचा थोडा राग आला, पण आपण केलं ते आईने आजारी मुलाला साखरेतून औषध द्यावं तसलं आहे अशी तिने आपली समजूत घातली.

टिपणं ऐकण्याचा अधिकार रुग्णाशिवाय कुणाला नसे. हा नियम शर्वरीनेच लिहिला होता आणि तिला त्याचा अभिमान होता. त्यामुळे बदल यंत्रानेच केला. यंत्राने आप्पांची टिपणं चाळली, माणसं इकडे, घटना तिकडे अशी दशकांत लावली, आणि जुन्या आकड्यांवर काट मारली. जुन्या रचनेची एक प्रत शर्वरीने जपून ठेवली. कपाटं बदलणाऱ्या माणसाला एवढी सवय असतेच.

मग शिकवणी सुरू झाली. रोज सकाळी तालयंत्र लावून ती आप्पांकडून नवे आकडे म्हणवून घेई. आधी माणसं घ्यायची, मग प्रकृती, आणि घटना-सूचना सर्वांत शेवटी, असा तिचा क्रम होता. आप्पांची जीभ जुन्याच वाटेने जाई. बोलता बोलता ते "साडेतीन" म्हणत आणि चकती सांगे, "हा क्रमांक रिकामा आहे." आप्पा दचकत. "माफ करा हं," असं ते चकतीला म्हणत. ज्या माणसापुढे शिष्य चूक झाली की कान धरत, तो माणूस एका बटणाएवढ्या यंत्राची माफी मागत होता. शर्वरी तेवढ्यापुरती स्वयंपाकघरात निघून जाई.

हळूहळू जम बसला. आणि एक गोष्ट तिला फार बरी वाटली. आप्पांचं रडणं थांबलं. आता पाहुणे आले तर ते हसून बसत, कधी मध्येच विचारत, "शैला कुठाय? यांना सरबत दे म्हणावं." शर्वरी म्हणे, "आई बाहेर गेलीय, आप्पा." पाहुणा समजूतदारपणे बशीत बघे. आई जाऊन तीन वर्षं होत आली होती. शर्वरीने अहवालात लिहिलं, रुग्णाच्या मनःस्थितीत लक्षणीय सुधारणा.

आप्पांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा शिष्यांनी गावातल्या सभागृहात सत्कार ठेवला. डॉ. पाठारे पुण्याहून मुद्दाम आले आणि पहिल्या रांगेत बसले. शर्वरीने आदल्या दिवशी आप्पांच्या चकतीत एक नवी सोय चालू करून ठेवली होती. एक टिपण संपलं की त्याच्याशी जोडलेलं पुढचं आपोआप ऐकू येईल, म्हणजे आप्पांना व्यासपीठावर अडखळावं लागणार नाही.

सुरुवात झकास झाली. एकेक शिष्य पाया पडायला येई, आप्पांचे ओठ हलत, आणि ते नाव घेऊन त्याच्या बायकोमुलांची चौकशी करत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉ. पाठाऱ्यांनी मान वळवून शर्वरीकडे पाहिलं आणि अंगठा वर केला. तिची कॉलर ताठ झाली.

मग अल्ताफ बोलायला उभा राहिला. पन्नाशीचा हा माणूस तबला बोलका करी, पण भाषणात त्याला घाम फुटे. "मास्तरांनी हात दिला," तो म्हणाला, "पण वळण लावलं ते शैलाकाकूंनी. रियाज पुरा झाल्याबिगर त्या ताट वाढायच्या न्हाईत. आज काकू असत्या, तर..."

तो तिथे थांबला. आप्पा हसत होते. त्यांनी सभागृहावरून नजर फिरवली, पहिल्या रांगेत, मग बायकांच्या बाजूला. समोर माईक होता. त्यात सगळ्यांना ऐकू आलं, "बारा."

बारा म्हणजे शैला. बायको, साताऱ्याची, गोड गळ्याची. ते टिपण संपलं आणि नव्या सोयीप्रमाणे त्याच्याशी जोडलेलं पुढचं टिपण आपोआप सुरू झालं. तिसाच्या घरातलं, अजून न शिकवलेलं. शर्वरीला ते ऐकू आलं नाही, कुणालाच आलं नाही. त्यांना फक्त आप्पांचा चेहरा दिसला.

"शैला गेली?" आप्पा माईकमध्ये म्हणाले. "कधी? अरे, मला कुणी सांगितलं कसं नाही?"

आप्पांनी दोन्ही हातांनी समोरचं टेबल धरलं. "सव्वासात," ते म्हणाले. थोडं थांबले. "साडेसात." पुन्हा थांबले, आणि काकुळतीला येऊन म्हणाले, "पावणेआठ. अहो, पावणेआठ!" मग मान खाली घालून म्हणाले, "माफ करा हं."

शर्वरी जागची हलली नाही. तिच्या मनात सर्वांत आधी काय आलं, तर शेजारी डॉ. पाठारे बसलेत. त्यानंतर आलं, नेमकं आजच. तिसरा विचार बापाचा होता. हा क्रम तिला तेव्हा कळला नाही. नंतर कळला तेव्हा मात्र तो तिला कुठल्याही पद्धतीने बदलता आला नाही.

व्यासपीठावर गेला तो अल्ताफ. तो आप्पांच्या खुर्चीशी खाली बसला, तबला ओढून त्याने आप्पांचा हात त्याच्यावर ठेवला आणि स्वतः डग्ग्यावर ठेका धरला. बराच वेळ आप्पांची बोटं नुसती पडून होती. मग ती हलली. आधी चुकत, मग ठेक्यात. वाजवता वाजवता त्यांच्या गालावरचं पाणी सुकलं आणि ते वर बघून अल्ताफला म्हणाले, "आज इतकी माणसं कशी रे?"

लोकांनी डोळे पुसत टाळ्या वाजवल्या. बाहेर जाताना अल्ताफने शर्वरीला चपलांपाशी गाठलं.

"ताई, ते आकडे बदलायचं मास्तरांना विचारलं होतं न्हवं?"

"विचारलं होतं. हो म्हणाले."

अल्ताफ चपलेचा बंद लावत राहिला. "माझ्यासमोर तर नको म्हणाले होते, बघा," तो म्हणाला आणि रिक्षा बघायला गेला.

शर्वरीला वाटलं, याने चार शब्द जास्त बोलून ओरडायला हवं होतं. ओरडला असता तर उलट बोलता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने जुनी रचना परत लावायला घेतली. रचना उलटवताना प्रत्येक टिपण जागेवर बसलं की नाही हे ऐकून पाहावं लागतं. त्यापुरती नियमात सवलत होती, तीही तिनेच लिहिलेली. आप्पा अंगणात शेंगा सोलत बसले होते. तिने स्वतःच्या कानामागे चकती लावली आणि सातपासून ऐकायला सुरुवात केली.

सातव्यात आई होती. मग सव्वासात. आप्पांचा आवाज, सावकाश, शिष्याला समजावताना लागायचा तसा. "जयवंता, आधी बस. खुर्चीचा हात धर, नाहीतर कुणाचा तरी हात धर. आता जे ऐकशील ते तू पूर्वीही ऐकलं आहेस आणि त्यातून उठला आहेस. घाई करू नकोस. धरलंस? मग पुढे जा."

साडेसात. "शैला गेली. झोपेतच गेली, त्रास झाला नाही. तू शेजारीच होतास. रड."

पावणेआठ. "पुरे आता. डोळे पूस. शर्वरीला विचारू नकोस, तिची आई गेली आहे आणि ती बोलत नाही. तिला चहा करायला सांग, म्हणजे तिला काहीतरी काम मिळेल."

शर्वरीने चकती काढून ठेवली.

आई गेली तेव्हा तेराव्यानंतर ती लगेच पुण्याला निघून गेली होती. काम होतं, हे खरंच होतं. पण दर तासाला "शैला कुठाय?" म्हणून विचारणारा माणूस आणि दर तासाला नव्याने फुटणारं त्याचं रडणं तिला सोसवत नव्हतं, हे जास्त खरं होतं. तेव्हा अल्ताफ रोज येऊन बसत होता. ती मिरजेला परत राहायला आली तोवर आप्पा बरेच शांत झाले होते, आणि ते कसे झाले हे तिने कधी विचारलं नव्हतं. ज्याला कालचं आठवत नाही अशा माणसाने रोज रोज घोकून स्वतःसाठी हा रस्ता बांधला होता. आधी आधार, मग घाव, मग उठणं. यंत्राने त्यातली घटना तिसाच्या घरात टाकली आणि सूचना चाळिसाच्या. वर्गीकरण बिनचूक होतं. आणि तो चहा! इतकी वर्षं पाहुण्यांसमोर ज्या चहाच्या फर्माईशीची तिला शरम वाटत आली, तो चहा तिच्यासाठी होता. तिला स्वतःचं तोंड आरशात बघवेना.

डॉ. पाठाऱ्यांना तिने कळवलं की संमती खरी नव्हती, आपण नकार लपवले, आणि दशक-पद्धत सक्तीची करू नये. त्यांचं उत्तर यायचं होतं. नोकरीचं काय व्हायचं ते होईल, असं तिने ठरवून टाकलं.

जुनी रचना यंत्रात परत आली. आप्पांत परत यायला वेळ लागणार होता, कारण तळघरात आता दोन्ही पद्धतींची सरमिसळ झाली होती. ते "बारा" म्हणत आणि त्यांना कानात पानवाल्याचा पत्ता ऐकू येई. "शैला पानवाली कधी झाली?" असं ते गोंधळून विचारत. शर्वरी रोज सकाळी त्यांच्यासमोर बसे, तालयंत्र न लावता, ते स्वतः मांडीवर धरतील त्या लयीत. सहा, सात, सव्वासात. पुन्हा सहा, सात, सव्वासात.

एका सकाळी सात म्हटल्यावर त्यांचे ओठ आपोआप पुढे गेले. "सव्वासात," ते म्हणाले. त्यांचा हात खुर्चीचा हात शोधू लागला. एरवी या क्षणी शर्वरी उठून आत जायची. आज ती उठली नाही, तिने आपला हात पुढे केला. त्यांनी तो धरला.

"साडेसात."

आप्पा रडले. ती बाजूला बसून राहिली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तीही त्यांच्याबरोबर रडली. थोड्या वेळाने "पावणेआठ" आलं. त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि तिच्याकडे पाहिलं. "चहा टाक की, शर्वे."

तिने चहा आणला. मग कप त्यांच्या हातात देऊन सगळं सांगितलं. आकडे कसे बदलले, सभेत काय झालं, आणि ते नको म्हणाले तरी ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, कारण त्यांना आठवणार नाही हे तिला ठाऊक होतं.

आप्पांचा कप बशीवर वाजला. "आंधळ्याच्या ताटातलं उचललंस," ते म्हणाले. एवढंच. पण तिला ते पुरेसं लागलं.

"आप्पा, याचं टिपण करून ठेवा," ती म्हणाली. "तुमच्या आवाजात. शर्वरी विचारायला आली तर सावध राहा, नकार दिलेला ती लपवते, असं. तीन म्हणजे मी ना? मग सव्वातीनला ठेवा. म्हणजे मला पुन्हा असं करता येणार नाही."

आप्पांनी मांडीवर बोटं वाजवली. तिनाच्या शेजारी त्यांनी मनातल्या मनात जागा बघितली असावी.

"नको," ते म्हणाले. "रोज सकाळी पोरीचं नाव काढायचं आणि पाठोपाठ हे ऐकायचं? माझ्यात हे नाही बसत. तुझं आहे, तुझ्याकडं ठेव."

"पण आप्पा, तुम्ही विसराल."

"मी विसरणारच. तू विसरू नकोस म्हणजे झालं."

चहा संपला. आप्पांनी कप खाली ठेवला, तिच्या ओल्या डोळ्यांकडे बघितलं आणि काळजीने विचारलं, "काय झालं गं? कुणी काही बोललं का तुला?"

शर्वरीला कळलं, गेलं. तिने सांगितलेलं सगळं त्यांच्यातून गेलं. आता पुन्हा सांगितलं असतं, पुन्हा विचारलं असतं, शब्द बदलून, वेळ बदलून, त्यांच्या पायाशी बसून, तर पाचव्या-सहाव्या खेपेला ते टिपण करायला हो म्हणाले असते. आणि ते टिपण झालं असतं, तर ती सुटली असती.

"काही नाही, आप्पा," ती म्हणाली.

ते नको म्हणाले होते. तिने पुन्हा विचारलं नाही.